समाधीच्या दगडावर काय कोरायचे?

मार्च लागला की मोर्शी तालुक्यातल्या सेवा सहकारी सोसायट्यांमध्ये एकच विषय असतो, नवं-जुनं. मागच्या हंगामाचे पीककर्ज भरायचे आणि पुढच्या हंगामासाठी नवे उचलायचे. आंबिया बहाराचा पैसा कुणाच्या हाती शिल्लक असतो, कुणाचा बहार फळगळीतच गेलेला असतो. मग पाहुण्यांकडून, दुकानदाराकडून चार-आठ दिवसांच्या बोलीवर पैसे आणायचे आणि गटसचिवासमोर भरणा करायचा. ही धावपळ कशासाठी, तर मुदतीत कर्ज फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते आणि तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज त्याला जवळजवळ बिनव्याजी पडते. राज्य सरकारच्या या योजनेचे नाव डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना.

त्याच शेतकऱ्याची मुलगी अमरावतीला किंवा नागपूरला इंजिनिअरिंग शिकत असेल, तर ती दुसरा एक अर्ज भरत असते, वसतिगृह निर्वाह भत्त्याचा. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीच्या त्या योजनेलाही पंजाबरावांचेच नाव आहे. बापाच्या कर्जाच्या कागदावर जे नाव, तेच लेकीच्या अर्जावर. बागेवर डिंक्या आला, कोळशी पडली की सल्ला घ्यायचा तो अकोल्याच्या विद्यापीठाचा, आणि तेही पंजाबरावांच्याच नावाचे.

इतक्या रोजच्या वापरातले नाव हळूहळू नुसते नाव होऊन बसते. वऱ्हाडात पंजाबरावांचे तसे होऊ लागले आहे. 27 डिसेंबरला जयंती होते, 10 एप्रिलला पुण्यतिथी होते, भाषणांत ‘कृषिमहर्षी’ आणि ‘शिक्षणमहर्षी’ या पदव्या येतात, केंद्रात दहा वर्षे मंत्री होते हे आवर्जून सांगितले जाते. ज्या गोष्टींसाठी भाऊसाहेबांनी, म्हणजे पंजाबरावांनी, आपल्याच माणसांचा रोष पत्करला, त्या मात्र भाषणात फारशा येत नाहीत. नेत्याचा वारसा नेमका कशात मोजायचा, हा प्रश्न त्यामुळे मोर्शीच्या सोसायटीतल्या कागदापासूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर सातासमुद्रापलीकडे दगडावर कोरलेले आहे. थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष, 1801 ते 1809 असे दोन कार्यकाळ त्यांनी देश चालवला. 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेऊन त्यांनी देशाचे आकारमान जवळपास दुप्पट केले. एवढा माणूस, पण आपल्या समाधीवर काय लिहायचे हे त्यांनी स्वतः ठरवून ठेवले होते, आणि त्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखच नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा लेखक आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक, एवढेच कोरा, एक शब्दही जास्त नको, असे त्यांनी बजावले होते. लोकांनी दिलेली पदे त्यांनी बाजूला ठेवली आणि आपण लोकांना जे दिले तेवढेच मागे ठेवले.

4 जुलै 1826 रोजी, जाहीरनाम्याला बरोबर 50 वर्षे झाली त्या दिवशी, जेफरसन गेले. पुढे समाधीचा मूळ दगड फार काळ धड राहिला नाही. येणारे-जाणारे आठवण म्हणून त्याचे टवके काढून नेऊ लागले. शेवटी तो काढून तिथे नवा उभारावा लागला.

पंजाबरावांच्या समाधीवर अशा तीन ओळी कोरायच्या झाल्या, तर त्या कोणत्या असतील? मंत्रिपद त्यात बसणार नाही. एक ओळ शाळांची असेल, एक शेतकऱ्याची. आणि तिसरी, जी आज सर्वांत कमी उच्चारली जाते, ती अंबादेवीच्या दाराची असली पाहिजे.

27 डिसेंबर 1898 रोजी पापळ या गावी जन्मलेला हा मुलगा. चांदूर, कारंजा, अमरावती असे करत शिकला, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेला आणि तिथून इंग्लंडला. घरची शेती गहाण टाकून वडील शामरावांनी पैसा उभा केला, असे वऱ्हाडात आजही सांगतात. एडिंबरात एम. ए., बॅरिस्टरची सनद आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन पंजाबराव 1926 मध्ये परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय लक्षात ठेवण्यासारखा आहे, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. वेदांचा अधिकार सांगून ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले गेले, त्यांच्या बाजूने बोलायला निघालेला कुणब्याच्या घरचा तरुण आधी वेदच मुळातून वाचून आला होता.

परतल्यावर वकिलीत नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. 1927 हे एकच वर्ष पाहिले तरी माणूस कळतो. त्या वर्षी अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी पेटली. 13 नोव्हेंबरला अमरावतीत परिषद भरली, अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाडचा पहिला सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमध्ये झालेला होता. अमरावतीच्या लढ्यात पंजाबराव पुढे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी लग्न केले. विमलाबाई सोनार समाजातल्या होत्या. 1927 साली, वऱ्हाडातल्या देशमुखाच्या घरात, आंतरजातीय लग्न! आजही गावात अशी लग्ने किती होतात, आणि झाली तर त्या घरांशी कोण कसे वागते, हे कुणाला सांगायला नको.

इथे भाऊसाहेब आणि जेफरसन यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि ही फारकत नीट पाहिली पाहिजे. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हे वाक्य जेफरसन यांच्या लेखणीतून उतरले. जगभरच्या लढ्यांना त्याने बळ दिले. पण त्याच हातांच्या मालकीत आयुष्यभरात 600 हून जास्त गुलाम माणसे होती. जेफरसन यांची माँटिसेलोची शेती या माणसांच्या कष्टावर चालत होती. नांगराच्या पाटीचा आकार कसा असावा म्हणजे मातीचा अडथळा कमीत कमी होईल, याचे गणित जेफरसन यांनी मांडले, त्याबद्दल त्यांना पॅरिसहून सुवर्णपदक मिळाले. तो नांगर कोण ओढत-हाकत होते, या गणिताकडे मात्र ते वळले नाहीत. मोजक्या काही जणांची सुटका त्यांनी केली. त्यांच्या मृत्यूनंतर, जानेवारी 1827 मध्ये, डोक्यावर राहिलेले कर्ज फेडण्यासाठी घरातल्या सामानाबरोबर सुमारे 130 माणसे लिलावात निघाली.

व्हर्जिनियातल्या त्या लिलावाला शंभर वर्षे झाली, त्याच 1927 साली अमरावतीत एक बॅरिस्टर आपल्याच समाजाला देवळाचे दार उघडायला सांगत होता. या योगायोगाला फार ताणू नये. पण आपल्याला ज्यातून मान, पैसा आणि सत्ता मिळते, त्या व्यवस्थेविरुद्ध माणूस स्वतःच्या घरापासून काय करतो, ही कसोटी दोघांनाही लावता येते. या एका बाबतीत पापळचा माणूस माँटिसेलोच्या माणसापेक्षा पुढे होता, हे कुठलाही संकोच न बाळगता म्हणावे.

अमेरिकेशी हे नाते जोडणे ओढूनताणून नाही. ते महात्मा फुल्यांनीच जोडून ठेवले आहे. तरुण जोतीराव आणि त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांनी शिवाजी महाराजांच्या चरित्राबरोबर जॉर्ज वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते. पुढे 1873 मध्ये फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. जेफरसनना जे जमले नाही ते त्यांच्या नातवंडांच्या पिढीने युद्ध करून पार पाडले, आणि पुण्यातला एक माळी त्यांना तिथून मुजरा करतो. फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे वारे वऱ्हाडात खेळत असतानाच पंजाबराव वाढले. त्यांनी काढलेल्या संस्थेला शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले, त्यामागे हा सगळा प्रवाह आहे.

1928 मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायला घेतले आणि त्यासाठी स्थानिक करात वाढ केली. या करवाढीपाशी जरा थांबावे. नुकताच निवडून आलेला अध्यक्ष, मतदार बहुतेक शेतकरी, आणि त्यांनाच तो सांगतो की पोरांच्या शाळेसाठी जास्तीचे पैसे भरा. आज तालुक्याचा एखादा पुढारी असे म्हणेल का? आजची भाषा माफीची, अनुदानाची आणि निधी खेचून आणल्याची आहे. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही, आणि पंजाबरावांनीही 1933 च्या सुमारास कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा प्रांतात होण्यासाठी जीव ओतला. पण त्याच शेतकऱ्याकडून त्याच्या भल्यासाठी काही मागण्याचे धैर्यही त्यांच्याजवळ होते. लोकांना फक्त देत राहणारा आणि कधीच काही न मागणारा नेता लोकांना मोठे समजत नसतो.

1930 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाल्यावर शिक्षण, शेती, सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. 1932 मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचे विधेयक आणले. देवळांकडे पडून असलेला पैसा समाजाच्या कामाला, शिक्षणाला लागावा, ही त्यामागची कल्पना. त्यावरून त्यांच्यावर केवढी टीका झाली असेल, याचा अंदाज आजचे वर्तमानपत्र उघडणाऱ्याला सहज येईल. याच सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज तिच्या शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे मिळून अडीचशेच्या वर शाखा विदर्भभर आहेत.

संस्थेआधीचे एक काम मात्र जास्त बोलके आहे. इंग्लंडहून आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. खेड्यातून डोक्यावर पेटी घेऊन आलेल्या कुणब्याच्या पोराला तिथे पहिल्यांदा महाराच्या पोराशेजारी ताट मांडावे लागे. सुट्टीत गावी परतल्यावर आपण कुणाशेजारी जेवतो हे त्याने घरी सांगितले असेल की लपवले असेल? त्या एका पंगतीने जे केले ते शंभर भाषणांनी झाले नसते.

संविधान सभेतले पंजाबराव मागासवर्गीयांसाठी भांडले. अनुसूचित जाती-जमातींपलीकडेही शिक्षणात आणि नोकरीत मागे पडलेला फार मोठा समाज आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि पुढे मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेतृत्वही त्यांनी केले. पण याच सभेत, ऑगस्ट 1949 मध्ये, नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना त्यांनी अशी दुरुस्ती मांडली की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला हिंदू किंवा शीख कुठेही राहत असला तरी तो भारताचा नागरिक व्हावा. धर्म हा नागरिकत्वाचा निकष करणारी ही दुरुस्ती सभेने फेटाळली, आणि ते योग्यच झाले. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, हे खरे. तरीही अंबादेवीच्या दारात उभ्या असलेल्या पंजाबरावांशी हे पंजाबराव पूर्ण जुळत नाहीत. गौरवग्रंथांनी हे पान गाळू नये. अमेरिकेत आज जेफरसनच्या घरी जाणाऱ्यांना गुलामांच्या राहण्याच्या जागा दाखवल्या जातात, त्यांची नावे सांगितली जातात. त्याने जाहीरनाम्याचे मोल कमी झालेले नाही.

1952, 1957 आणि 1962, अमरावतीने तीनदा त्यांना लोकसभेवर पाठवले. 1952 ते 1962 ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम त्यांनी देशभर नेली. 1955 मध्ये भारत कृषक समाज उभा केला, आणि त्याच समाजाच्या वतीने 1959 च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. 11 डिसेंबरला त्याच्या उद्घाटनाच्या समारंभाला अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. देशोदेशींची दालने, ट्रॅक्टर, बियाणे, दुधाची यंत्रे, आणि हे सगळे पाहायला धोतर-फेट्यातले शेतकरी. ज्या देशाचा नकाशाही पाहिला नाही, त्या देशातला माणूस काय पेरतो आणि कसे पेरतो, हे भारतातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावे, हा ध्यास त्यामागे होता. शेतकऱ्याला जगाच्या बरोबरीने उभे करण्याची ही उमेद आज कुणाच्या बोलण्यात ऐकू येते?

10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत ते गेले. विदर्भाचे कृषी विद्यापीठ त्यांनी पाहिले नाही. ते सहजासहजी मिळालेही नाही. त्यासाठी 1967 मध्ये अकोल्यात आंदोलन झाले आणि त्यात माणसांचे जीव गेले. 20 ऑक्टोबर 1969 ला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. ज्या विद्यापीठाच्या पायात लोकांचे रक्त आहे, त्याच्याकडून लोकांनी जास्त मागितले तर चूक काय?

मोर्शी-वरुडच्या संत्रा पट्ट्यात आज हेच मागणे आहे. जंभेरीच्या खुंटावर बांधलेली कलमे, बहारासाठी दिलेला ताण, मग अवेळी पाऊस आणि ऐन भरात आलेल्या फळाचा झाडाखाली सडा. बागेच्या धुऱ्यावर उभे राहून आपल्या वर्षभराची कमाई मातीत पडलेली बघणाऱ्या माणसाला धीर देण्यासारखे शब्द नसतात. जे फळ हाती लागते, त्याचा भाव पुन्हा दुसऱ्याच्या हाती. इथल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशने आयात शुल्क किलोमागे 88 रुपयांपर्यंत नेले आणि बागेतला सौदा कोसळला. प्रक्रिया उद्योगाची मागणी तर प्रत्येक निवडणुकीत नव्याने ऐकू येते. पंजाबराव असते तर त्यांनी आधी उत्पादकांची संघटना बांधली असती, असे त्यांच्या चरित्रावरून म्हणता येते. 1927 पासून त्यांनी तेच केले होते, आधी वऱ्हाडात शेतकरी संघ, मग देशात कृषक समाज.

पण मोर्शीला पंजाबरावांचा वारसा सांगायचा असेल, तर संत्र्याच्या भावाबरोबर आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागेल, आणि ती जास्त अवघड आहे. ही बाग तोडतो कोण? तोडणीच्या हंगामात मेळघाटातून, सालबर्डीपलीकडच्या मध्य प्रदेशातून मजुरांची कुटुंबे येतात. आईबाप झाडावर असतात, लहानगे पोर बांधावर झोपलेले असते, आणि आठ-दहा वर्षांची बहीण त्याला राखत बसलेली असते. ती शाळेच्या वेळेत तिथे असते. जो बागाईतदार या मुलीच्या शेजारून रोज मोटारसायकलवर जातो, त्याचा आजोबा कदाचित शिवाजी संस्थेच्या शाळेमुळेच शिकला असेल. 1927 मध्ये दाराबाहेर कोण उभे होते हे पंजाबरावांनी पाहिले होते. आज दाराबाहेर ही मुलगी उभी आहे.

संत्र्याच्या पैशातून मोर्शी-वरुडमध्ये चांगली घरे उभी राहिली, मुले पुण्या-बंगळुरूला गेली, काही थेट अमेरिकेला पोहोचली. शिक्षणाने हे झाले, आणि ते शिक्षण कुणीतरी कर वाढवून, शिव्या खाऊन, पंगत मांडून दिलेले होते. म्हणून येत्या 27 डिसेंबरला भाऊसाहेबांच्या फोटोला हार घालणाऱ्या प्रत्येक गावाने एक काम करावे. आंबिया बहाराची तोडणी तेव्हा बहुतेक आटोपत आलेली असते, मृगाची तोंडावर असते. आपल्या शिवारात तोडणीला येणाऱ्या कुटुंबांत शाळेच्या वयाची मुले किती, ती मोजावीत. त्यांच्यासाठी गावच्या शाळेत हंगामापुरते प्रवेश आणि दुपारचे जेवण यांची सोय शिक्षकांशी बोलून करावी, आणि कमी पडतील ते पैसे बागाईतदारांनी घालावेत. झाडामागे एक रुपया काढला तरी पुरेल.

त्या मुलांची नावे हजेरीपटावर चढली, की मग हार घालावा.